वाटेतली भुतं

तुमच्या फीडमध्ये तो कधी ना कधी येऊन गेला असणार. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, बाहेर आलेले कान, चापून बसवलेले केस आणि सरळ आपल्याकडे बघणारे डोळे. खाली एकटेपणावर दोन ओळी, मागे संथ पियानो. त्या ओळी बऱ्याचदा त्याच्या नसतातच, पण कोण बघतंय! जून २०२४ मध्ये फ्रान्झ काफ्काला जाऊन शंभर वर्षं झाली, तेव्हा तर त्याच्या नावाचा पूर आला होता. प्रागच्या एका विमा कार्यालयात नोकरी करणारा हा माणूस शंभर वर्षांनी आपल्या पिढीचा ऑफिशियल 'सॅड बॉय' होऊन बसलाय.

त्या रील्स मीही शेअर केल्यात, खोटं कशाला बोलू? एस. वाय.ला आम्हाला 'मेटामॉर्फोसिस' होतं. 'एलियनेशन'वर दहा मार्कांचा प्रश्न हमखास पडतो, असं सीनिअर्सनी सांगून ठेवलेलं. तो पडला आणि मी चार पानं खरडली. ज्या खोलीत बसून त्याची तयारी केली, तिथे आम्ही चौघी राहायचो. चार कॉट, चार चार्जर, चार इअरफोन. शेजारच्या कॉटवरची मुलगी त्या आठवड्यात रोज रात्री रडत होती, हे मला तिच्या स्टोरीवरून कळलं. आमच्या दोन कॉटमध्ये फार तर दीड फूट अंतर असेल. मी तिच्या स्टोरीला हार्ट दिलं आणि एलियनेशनचे मुद्दे पुन्हा पाठ करायला घेतले.

काफ्का मी खरा वाचला तो नंतर, आणि त्याचं कारण अगदीच वेगळं होतं. ते कारण म्हणजे रंधा मशीन.

त्याचं झालं असं, की काफ्काची नोकरी काय होती हे शोधताना मला कळलं, की तो कायद्याचा डॉक्टरेट होता आणि १९०८ पासून बोहेमियाच्या कामगार अपघात विमा संस्थेत काम करायचा. कारखान्यात कुणाचा हात गेला, कुणाचा पाय, त्याची भरपाई किती आणि मालकानं विम्याचा हप्ता किती भरायचा, हे ठरवायचं काम. संस्थेच्या वार्षिक अहवालात त्यानं लाकूड रंधण्याच्या मशीनवर एक लेख लिहिलाय, चक्क आकृत्यांसकट. जुन्या मशीनमध्ये पाती चौकोनी शाफ्टवर बसवलेली असायची. शाफ्ट आणि टेबल यांच्यात मोठी फट राहायची. लाकडात गाठ आली, फळी उडाली, की हात त्या फटीत. गोल शाफ्ट वापरला तर पाती जवळजवळ झाकली जातात, फट अरुंद होते आणि बोटं वाचतात, असं तो शांतपणे, मुद्देसूद पटवून देतो. रात्री 'मेटामॉर्फोसिस' लिहिणारा माणूस दिवसा हे लिहीत होता. यावर मात्र कुणी रील करत नाही.

मी तिथे अडखळले, कारण माझे आजोबा सुतार. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो. सांगली जिल्ह्यातल्या एका वखारीत कामाला असताना त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची वरची पेरं रंधा मशीननं नेली. भरपाई वगैरे काही मिळाली नाही. उरलेल्या बोटांत पेन्सिल धरून ते लाकडावर इतकी सरळ रेघ मारायचे, की आमच्या ग्राफिक्सच्या सरांनी बघत राहावं. मी लहान असताना ती आखूड बोटं माझ्या गालावर दाबून 'बघ, मशीननं मुका घेतला' म्हणायचे.

काफ्काच्या ऑफिसची वेळ सकाळी आठ ते दुपारी दोन. घरी येऊन झोप, मग व्यायाम, मग सगळं घर झोपल्यावर लिखाण. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला तो बसला आणि सकाळी सहाला उठला, तेव्हा 'द जजमेंट' ही कथा एका बैठकीत पूर्ण झालेली होती. त्याच वर्षीच्या शेवटी त्यानं ग्रेगोर साम्साची गोष्ट लिहिली, ती छापून आली १९१५ मध्ये.

गोष्ट तुम्हाला माहीत आहे. फिरता विक्रेता असलेला ग्रेगोर एका सकाळी जागा होतो तो किड्याच्या रूपात. पण नीट वाचलंत तर गंमत कळते. आपण किडा झालोय याचा धक्का त्याला फारसा बसतच नाही. त्याला टेन्शन येतं ते पाचची गाडी चुकल्याचं! थोड्याच वेळात ऑफिसचा वरिष्ठ घरी येऊन दाराबाहेर उभा राहतो. ग्रेगोर आतून जीव तोडून सफाई देतो, आपण येतोच आहोत, जरा बरं नव्हतं वगैरे. बाहेरच्यांना ऐकू येतो फक्त प्राण्याचा आवाज. त्याला सगळ्यांचं बोलणं समजत असतं, त्याचं मात्र कुणाला कळत नाही. म्हणून मग घरातले धरून चालतात, की त्याला आपलंही कळत नसणार.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावर किडा काढतील या भीतीनं काफ्कानं प्रकाशकाला पत्र लिहून विनवलं होतं, की किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. मुखपृष्ठावर शेवटी आला तो दारापासून तोंड फिरवून चेहरा झाकून घेतलेला एक माणूस. आज दुकानात जी आवृत्ती घ्याल, तिच्यावर बहुधा झुरळ असतं. असो.

तात्यांना स्वरयंत्राचा कॅन्सर झाला तेव्हा मी पुण्यात होते. ऑपरेशन झालं, आवाज गेला. घशाला एक छिद्र, त्यावर गॉजचा तुकडा. काकानं त्यांना दोनशे पानी वही आणून दिली. काय हवं ते लिहायचं. सुट्टीत घरी गेले तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सगळे जण तात्यांशी मोठ्यानं बोलायला लागले होते. कान ठणठणीत होते त्यांचे, गेला होता तो आवाज! पण आलागेला त्यांच्या कानाशी वाकून ओरडायचा, 'तात्याऽऽ, बरं वाटतंय का?' हळूहळू ओरडणंही थांबलं. मग त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायला लागले. पथ्य काय, खर्च किती, डॉक्टर काय म्हणाले. तात्या वहीत उत्तर लिहायचे, पण आखूड बोटांनी लिहायला वेळ लागायचा. त्यांचं वाक्य पूर्ण होईस्तोवर बोलणं दुसऱ्याच विषयावर गेलेलं असायचं. मग ते वही तशीच उघडी धरून बसायचे. एलियनेशनच्या उत्तरात मला आठ मार्क पडले होते.

पुढे कुणीतरी डोकं लढवलं आणि तात्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. आता काय, चॅट करता येईल! तात्यांना ते जमलंही. रोज सकाळी गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ'. रात्री 'जेवलीस का'. मी अंगठा पाठवायची. मग सेमिस्टर, सबमिशन, फेस्ट. अंगठाही दोन-दोन दिवसांनी जायला लागला. मग मी त्यांना म्यूट केलं. वाईट हेतू नव्हता, लेक्चरमध्ये फोन वाजायचा म्हणून. तुम्हीही कुणाला तरी केलेलं असेल.

काफ्का असता तर या सगळ्याला हसला नसता, त्याला ते नीट समजलं असतं. कारण पत्रांच्या बाबतीत हा माणूस आपल्यापेक्षा वाईट होता. १३ ऑगस्ट १९१२ ला मित्र माक्स ब्रोडच्या घरी त्याची फेलिस बाउअरशी ओळख झाली. ती बर्लिनची. पुढच्या पाच वर्षांत त्यानं तिला पाचशेच्या वर पत्रं लिहिली. कधी कधी एका दिवसात दोन-तीन. उत्तर आलं नाही की घालमेल, तार, पुन्हा पत्र. आज त्याला 'डबल टेक्स्टिंग' म्हणतात आणि मैत्रिणी आपल्याला ते करू देत नाहीत. एवढं सगळं, पण प्रत्यक्ष भेटी अगदी मोजक्या. भेटायची वेळ आली की याच्या पोटात गोळा. दोनदा साखरपुडा झाला, दोन्ही वेळा मोडला. पत्रात तो पूर्णपणे तिचा होता, समोर आला की कुठेतरी भलतीकडेच. प्रश्न असा पडतो, की त्याला फेलिस हवी होती का फेलिसला लिहिणारा स्वतः? मला विचाराल तर दुसरं. आणि हे ओळखायला मला फार विचार करावा लागला नाही, कारण इन्स्टावर ज्याच्याशी रात्री तीनपर्यंत बोलायचे, तो कॅन्टीनमध्ये समोर बसला तेव्हा आम्ही दोघंही मेन्यूकार्ड वाचत होतो.

अजून एक मजा. फेलिस ज्या कंपनीत होती, ती आवाज मुद्रित करून घेणारी यंत्रं बनवायची. पार्लोग्राफ म्हणजे डिक्टेशनचं मशीन. जानेवारी १९१३ च्या एका पत्रात काफ्का तिला धंद्याच्या आयडिया सुचवतो. त्यातली एक अशी, की बर्लिनमध्ये पार्लोग्राफ टेलिफोनला जोडावा, प्रागमध्ये ग्रामोफोन जोडावा आणि त्या दोघांनी एकमेकांशी गप्पा माराव्यात. माणसं नकोतच मध्ये! त्यानं थट्टेत लिहिलं होतं. आपण आज मेसेजला 'सजेस्टेड रिप्लाय' दाबतो, समोरचाही तेच दाबतो, आणि दोन फोनच एकमेकांची विचारपूस करून मोकळे होतात.

स्वतः कोण आहोत हे त्याला आयुष्यभर नीट सापडलं नाही. चेक लोकांच्या शहरात जर्मन बोलणारा, ज्यू घरातला पण त्या धर्मातही धड न रमलेला. डायरीत एकदा त्यानं ज्यूंशी आपलं काय जुळतं असं स्वतःला विचारलं, आणि लगेच त्याच्या ध्यानात आलं, की इथे स्वतःशीच फारसं जुळत नाही. त्याच्या नायकांची नावं बघा. आधी ग्रेगोर साम्सा. मग 'द ट्रायल'मधला जोसेफ के., तिसाव्या वाढदिवसाच्या सकाळी गुन्हा न सांगताच ज्याला अटक होते. आणि शेवटी 'द कॅसल'मध्ये नुसता के. नाव झिजत झिजत एका अक्षरावर येतं. हा के. गढीला फोन लावतो, तर पलीकडून येते नुसती गुणगुण, लांबवर पुष्कळ मुलं एकत्र आवाज करत असावीत तशी. स्कॉलरशिपच्या हेल्पलाइनवर ज्यानं कधी पाऊण तास म्युझिक ऐकलंय, त्याला ही गुणगुण समजावून सांगावी लागणार नाही.

ऑगस्ट १९१७ मध्ये एका रात्री त्याच्या तोंडातून रक्त आलं. क्षय. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. फेलिसचं प्रकरण त्या वर्षाअखेर कायमचं संपलं. दोन वर्षांनी त्यानं वडिलांना शंभरावर पानांचं पत्र लिहिलं. तुमची भीती का वाटत आली, ते लहानपणापासूनचं सगळं त्यात होतं. पत्र आईच्या हाती दिलं. तिनं ते वडिलांपर्यंत पोचवलंच नाही, असं ब्रोड सांगतो. बापलेक तेव्हा एकाच शहरात राहत होते.

त्याच्या आयुष्यात नंतर मिलेना येसेन्स्का आली. चेक पत्रकार, त्याच्या कथा चेकमध्ये आणणारी. राहायला व्हिएन्नात, म्हणजे पुन्हा पत्रंच. आणि १९२२ मध्ये, सगळं जवळपास संपल्यावर, त्यानं तिला एक पत्र लिहिलं. मला विचाराल तर त्याच्या रील करायच्याच असतील तर या पत्राच्या करा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या आयुष्याचं सगळं वाटोळं पत्रांनी केलं. पत्र लिहिणं म्हणजे भुतांशी बोलणं. ज्याला लिहितो त्याचं भूत, आणि लिहिता लिहिता तयार होणारं आपलं स्वतःचं भूत. पत्रातून पाठवलेले मुके पोचत नाहीत, वाटेतली भुतं ते पिऊन टाकतात आणि त्यावर माजतात. माणसांना हे कळतं, म्हणून त्यांनी एकमेकांपर्यंत प्रत्यक्ष जाता यावं यासाठी रेल्वे शोधली, मोटार शोधली, विमान शोधलं. पण उपयोग नाही. समोरची पार्टी फार चलाख. तिनं पोस्टानंतर तार आणली, टेलिफोन आणला, बिनतारी आणली. भुतं उपाशी मरायची नाहीत, मरू ते आपण.

हे १९२२ मध्ये! मी वाचलं आणि पहिलं काय केलं असेल? स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकलं. सत्तेचाळीस जणांनी बघितलं. त्यात तात्याही होते. त्यांनी उत्तर पाठवलं, 'भूत कसलं ग. घरी कधी येतीस.' ते मी तीन दिवसांनी वाचलं, कारण म्यूट.

आठवडाभरानं काकाचा फोन आला, तेव्हा मी एसटी पकडली. तात्या हॉस्पिटलात होते. पुढचे नऊ दिवस रात्री मी त्यांच्याजवळ असायची, कारण घरात परीक्षा संपलेली मी एकटीच. फोन त्यांनी बाजूला ठेवला होता, पुन्हा वही घेतली होती. स्क्रीन डोळ्यांना बोचते म्हणाले. म्हणाले म्हणजे लिहिलं. त्या नऊ रात्रींत आम्ही जेवढं बोललो, तेवढं आधीच्या चार वर्षांत बोललो नव्हतो. साग कसा ओळखायचा, वखारीचा मालक दारू पिऊन काय करायचा, आजीला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा कुणाची चप्पल घालून गेले होते. मरणाबद्दल एकदाच लिहिलं, तेही हिशेबासारखं. हत्यारांची पेटी कुणाला द्यायची, आणि लाकूड फार जाळू नका.

काफ्काचे शेवटचे दिवसही असेच गेले. क्षय घशात उतरला होता. व्हिएन्नाजवळ कियर्लिंग नावाच्या गावातल्या छोट्या सॅनेटोरियममध्ये तो होता. बोलायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. सोबत दोघं, त्याच्यावर जीव असलेली डोरा डियामांट आणि रॉबर्ट क्लॉपस्टॉक हा वैद्यकीचा विद्यार्थी. काफ्का कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्यांच्याशी बोलायचा. त्यातल्या पुष्कळ चिठ्ठ्या जपून ठेवल्या गेल्या, छापूनही आल्यात. त्यात तत्त्वज्ञान जवळजवळ नाही. खोलीतल्या फुलांची काळजी आहे, त्यांना नीट पाणी मिळतंय का याची. तहान आहे. त्याला गिळता येत नव्हतं आणि त्याच दिवसांत तो 'अ हंगर आर्टिस्ट' या संग्रहाची प्रुफं तपासत होता. त्या नावाच्या कथेतला माणूस पिंजऱ्यात बसून उपास करून दाखवतो, आणि शेवटी कबूल करतो, की आवडेल असं खाणं कधी सापडलंच नाही म्हणून उपास केला. प्रुफं संपल्यावर काफ्काच्या डोळ्यांतून कितीतरी वेळ पाणी येत राहिलं, असं क्लॉपस्टॉकनं लिहून ठेवलंय. ३ जून १९२४ ला तो गेला, एकेचाळिसाव्या वाढदिवसाला एक महिना कमी असताना.

मागे ठेवलेलं सगळं न वाचता जाळ, असं तो ब्रोडला लिहून गेला होता. ब्रोडनं ऐकलं नाही. पुढची तीन वर्षं दरवर्षी एक अशा तीन कादंबऱ्या त्यानं छापल्या आणि १९३९ मध्ये नाझी प्रागमध्ये शिरत असताना उरलेली हस्तलिखितं सुटकेसमध्ये भरून निघाला. काफ्काच्या तिन्ही बहिणी निघू शकल्या नाहीत, त्या नाझींनी मारल्या. मिलेना १९४४ मध्ये रावेन्सब्रुकच्या छळछावणीत गेली. रील्समधल्या गोड उदासीत हे बसत नाही, म्हणून सांगितलं.

मी मात्र त्या चिठ्ठ्यांपाशी थांबून राहते. हजारो पानं पत्रं लिहिणाऱ्या माणसाचं हे शेवटचं लिखाण. त्याला पोस्टाचं तिकीट लागलं नाही. लिहायचं आणि हात लांब करायचा, समोरच्यानं घ्यायचं. भुतांना मध्ये शिरायला जागाच नव्हती. त्याचं पत्रांबद्दलचं म्हणणं मला सगळंच्या सगळं पटत नाही. कोल्हापूरहून दुबईला गेलेल्या माझ्या मैत्रिणीच्या बाबांना व्हिडिओ कॉलवर पाच मिनिटं तिचं तोंड दिसतं, त्यावर ते अख्खा दिवस काढतात. तिथे कसलं भूत? पण हॉस्टेलवर माझ्या शेजारच्या कॉटवर, दीड फुटावर, ते होतं.

चिठ्ठ्या वाचताना एक गोष्ट छळते. त्यात फक्त काफ्काचं बोलणं आहे. डोरा आणि क्लॉपस्टॉक तोंडानं उत्तर द्यायचे, ते हवेत गेलं. त्यामुळे कितीतरी चिठ्ठ्यांचा अर्थच लागत नाही, समोरून काय विचारलं होतं ते माहीत नसल्यामुळे. तात्यांच्या वहीचंही तेच झालंय. ती आता माझ्याकडे असते. काही पानं सरळ आहेत. 'पंखा बारीक कर.' 'नर्सला चहा दे.' 'तू झोप, मी जागा आहे.' काही पानांवर नुसत्या रेघा, खुर्चीचा जोड कसा बसतो ते दाखवायला काढलेल्या.

आणि मागून चौथ्या पानावर, त्या सरळ अक्षरात, खाली दोनदा रेघ मारून लिहिलंय, 'हो. अगदी तसंच.' आठव्या रात्रीचं पान आहे ते. मी काहीतरी विचारलं होतं. काय, ते मला कितीही प्रयत्न केला तरी आठवत नाही.